पुरातत्व लॅब बघायला जाताय? गोव्यातल्या पोर्तुगीज काळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन पुरातत्वाच्या लॅबमध्ये जाते. आता आसपासच्या शाळांतले शिक्षक, पालक, कधी कधी मुलांचे आजोबासुद्धा फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून टाकलंय. काही उत्तरं लांबली आहेत, पण ती लांबणारच, कारण मला हा विषय फार जवळचा आहे.

लॅब म्हणजे म्युझियमच ना?

नाही हो, दोन्हींत खूप फरक आहे. म्युझियममध्ये निवडून, पुसून, वर दिवा लावून ठेवलेल्या वस्तू असतात. लॅबमध्ये त्याच्या आधीचं सगळं असतं, म्हणजे मातीने भरलेल्या पिशव्या, बादल्या, टूथब्रश, चाळण्या, वर्तमानपत्रावर वाळत घातलेल्या खापऱ्या, आणि टेबलाशी मान खाली घालून बसलेली माणसं. ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये व्हाइसरॉयांची मोठमोठी चित्रं लावलीत, ती बघून राज्य कोण करत होतं ते कळतं. पण त्यांच्या घरात पाणी कोण भरायचं, चुलीवर काय शिजायचं, भांडं फुटलं की कुठे फेकायचे, हे त्या चित्रांत कुठून दिसणार? ते त्या मातीच्या पिशव्यांत असतं, म्हणून मुलांना तिथे न्यायचं.

गोव्यात नक्की कुठे जायचं?

सुरुवात ओल्ड गोव्यापासून करा. पणजीहून साधारण दहा किलोमीटर, कदंबा स्टँडवरून बस मिळते. असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या कॉन्व्हेंटमध्ये भारतीय पुरातत्व सर्वेक्षणाचं म्युझियम आहे, ते १९६४ पासूनचं. शुक्रवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा, आमची एक पूर्ण बस एकदा परत आलीय. तिथून चालत सेंट ऑगस्टिन चर्चच्या पडक्या अवशेषांकडे जा, ते स्वतःच एक उत्खनन आहे.

समुद्रातल्या पुरातत्वासाठी डोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आपण सगळे जिला एनआयओ म्हणतो. बुडालेल्या जहाजांवर त्यांचं मोठं काम आहे. आणि दहावी-बारावीच्या मुलांना खरंच यात पुढे जायचं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज दाखवून आणा, आपल्या भागातला या विषयाचा पाया तिथेच घातला गेलाय.

लॅब ही कामाची जागा आहे, तिकीट काढून आत शिरायची नाही. शाळेच्या लेटरहेडवर आधी पत्र द्या, मुलं किती, कितवीची, काय बघायचंय ते स्पष्ट लिहा. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात, तेव्हा विचारून बघा.

कोणत्या महिन्यात जावं?

लोकांना वाटतं पावसाळ्यात काय बघणार. उलट आहे! खोदकाम कोरड्या दिवसांत चालतं, आणि जून लागला की खड्डे झाकून सगळी मंडळी लॅबमध्ये येऊन बसतात. धुणं, मोजणं, जोडणं, चित्रं काढणं हे सगळं तेव्हा जोरात असतं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर काम चालू असलेलं दिसेल, जानेवारीत गेलात तर कदाचित रिकामी टेबलं दिसतील.

किती मुलं न्यायची आणि किती वेळ लागतो?

एका वेळी पंधरा. चाळीस नेली तर मागच्यांना फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. दोन तास धरा.

कपडे, डबा वगैरे?

पायात बंद बूट, हातात बांगड्या-अंगठ्या नकोत कारण त्याने मऊ खापरीवर ओरखडा पडतो, डबा आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर. बस एवढंच.

आत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसतं?

पहिल्यांदा धुणं. पक्की भाजलेली खापरी साध्या पाण्यात, मऊ ब्रशने, बोटांच्या चिमटीत धरून धुतात, कच्ची असेल तर पाण्यात बुडवत नाहीत नाहीतर ती विरघळायला लागते. लोखंडाला तर पाणी लावतच नाहीत, कोरड्या ब्रशने माती काढतात. तुटलेल्या कडा जास्त जपून धुवाव्या लागतात, कारण पुढे दुसरा तुकडा तिथेच जुळायचा असतो आणि घासून गोल झाला की संपलं.

मग वाळवणं आणि मग नंबर घालणं, हा भाग मुलांना सगळ्यात आवडतो. खापरीच्या आतल्या बाजूला पॅरालॉइड नावाच्या पारदर्शक रसायनाचा छोटा पट्टा ओढतात, तो वाळला की त्यावर बारीक टाकाने नंबर लिहितात आणि वरून परत एक पट्टा. नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा वास येतो, कारण ते ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं असतं, आणि उद्या नंबर काढायचा झाला तर ॲसिटोननेच निघतो, वस्तूला काही होत नाही. त्या नंबरात जागा, वर्ष, खड्डा, थर सगळं येतं. तो नंबर म्हणजे त्या खापरीचा पत्ता आहे, पत्ता गेला की खापरी अनाथ झाली.

एका फुटक्या खापरीवरून असं काय कळणार?

खूप काही, फक्त बघायला शिकलं पाहिजे. एकदा माझ्या हातात मडक्याच्या बुडाचा तळहाताएवढा तुकडा दिला होता. बाहेरून काळाकुट्ट, काजळी अगदी खोल मुरलेली, म्हणजे चुलीवरचं भांडं, पाण्याचं नव्हे. आतल्या बाजूला उथळ खळगे, कुंभार आतून गोटा धरून बाहेरून थापीने बडवतो त्याचे ते ठसे. आणि तुकड्याच्या कडेजवळ, आत, ओल्या मातीवर उमटलेलं एक बोट. रेघा दिसत होत्या हो बोटाच्या! मी माझं बोट त्यावर ठेवून बघितलं, माझ्यापेक्षा लहान होतं. त्या बोटाच्या माणसाचं नाव कुठल्या कागदावर नाही.

त्याच ट्रेमध्ये शेजारी निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचा तुकडा होता, नखाएवढा पातळ आणि अजून चकचकीत. पोर्तुगीज जहाजं चीनकडून ही भांडी आणायची, ती गोव्यात उतरायची आणि पुढे लिस्बनला जायची. आता विचार करा, एकाच उकिरड्यात गावच्या कुंभाराचं मडकं आणि चीनची बशी. जेवण मडक्यात शिजायचं आणि बशीत वाढलं जायचं, शिजवणारे हात आणि जेवणारे हात बहुतेक वेगळे. मुलांना हे सांगितलं की एक क्षण वर्ग शांत होतो.

खाण्यापिण्याचं काही कळतं का?

कळतं, आणि यात आपण सगळेच येतो. उत्खननातली माती पाण्यात ढवळतात, जळलेल्या बिया हलक्या म्हणून वर तरंगतात, त्या बारीक चाळणीत पकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस, बटाटा, तंबाखू हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आलं. म्हणजे १५१० च्या आधी कुठल्याही गोंयकाराच्या हुमणात, म्हणजे माशांच्या कढीत, मिरची नव्हती, तिखटपणा मिरीचा होता. त्यामुळे एखाद्या थरात मिरचीचं जळकं बी मिळालं तर तो थर पोर्तुगीज यायच्या आधीचा असूच शकत नाही. फेणीचा काजू पण पाहुणाच, हे मुलांना कधीच खरं वाटत नाही.

वय कसं ठरवतात, कार्बन डेटिंग करून ना?

हा प्रश्न प्रत्येक ट्रिपला येतो. कार्बन डेटिंग या काळासाठी फारसं कामाला येत नाही. हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण साधारण १६५० नंतरच्या काळात असं वरखाली झालंय की शिवाजी महाराजांच्या वेळचा कोळसा आणि आपल्या पणजोबांच्या वेळचा कोळसा यांचं उत्तर जवळपास सारखंच येतं. म्हणून इथे नाणी, चिनी भांड्यांवरची नक्षी, काचेच्या बाटल्या, तंबाखूच्या चिलमी आणि कागदपत्रं यांवर काम चालतं. समुद्रातून आलेल्या भाजक्या मातीच्या वस्तूंसाठी थर्मोल्युमिनेसन्स म्हणून पद्धत वापरतात, त्यात भांडं शेवटचं कधी तापलं ते कळतं.

नियम साधा आहे, थरात जी सगळ्यात नवी वस्तू सापडते, थर तिच्याइतका नवा किंवा तिच्यानंतरचा. वरून शंभर वर्षं जुनी नाणी मिळाली तरी खाली एक प्लास्टिकचं झाकण निघालं की संपला विषय.

आणि लिहिलेल्या तारखेवरसुद्धा आंधळा विश्वास नको. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफ या समुद्रातल्या खडकापाशी बुडालेल्या एका जहाजात एनआयओच्या लोकांना मंगळुरी कौलं मिळाली, त्यावर बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेचं नाव आणि १८६५ असा ठसा. माझा पहिला विचार काय, तर जहाज १८६५ चं. पण १८६५ हे मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे, ते पुढे कित्येक वर्षं कौलांवर तसंच छापलं जायचं! म्हणजे जहाज १८६५ नंतरचं एवढंच सांगता येतं. तुमच्या जुन्या घरावर असली कौलं असतील तर जरूर चढून बघा, आमच्या शेजारच्या घरावर निघाली.

सोनं, खजिना असलं काही बघायला मिळतं का?

मुलं हे विचारणारच. नाणी मिळतात, पण बहुतेक तांबं, जस्त-कथील असली, बाजारात भाजी घ्यायची चिल्लर. बझारूको म्हणायचे. गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्क, त्याने १५१० मध्येच गोव्यात नाणी पाडायला सुरुवात केली होती, पुढच्या काही नाण्यांवर चाक दिसतं, ते सेंट कॅथरिनचं चाक, कारण २५ नोव्हेंबरला तिच्या सणाच्या दिवशी त्याने गोवा जिंकला. मला विचाराल तर एखादं घासून गुळगुळीत झालेलं बझारूको सोन्याच्या नाण्यापेक्षा जास्त बोलतं, किती हातांतून गेलं असेल ते.

आम्ही हिंदू, फोंड्याचे. पोर्तुगिजांच्या भांड्याकुंड्यांशी आमचा काय संबंध?

हा प्रश्न मला एका पालकांनी थोडा रागानेच विचारला होता आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांच्या मनात जे आहे ते खरं आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेला मुलूख, सोळाव्या शतकात देवळं पाडली गेली ती तिथे. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, त्याच १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं ख्रिस्ती न्यायालय, बसलं आणि ते १८१२ पर्यंत राहिलं. फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी हे नव्या काबिजादीत, अठराव्या शतकात आले. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नार्व्याला आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथलं देऊळ बांधून घेतलं. हे सगळं मुलांना सांगायचंच, झाकायचं नाही, आणि सातवीतल्या मुलाला ते नीट समजतं.

पण म्हणूनच तर लॅब. ओल्ड गोव्याची ती मोठाली बांधकामं चिऱ्यांची आहेत, तो चिरा कोणी फोडला? शिंपले भाजून चुना कोणी केला, खिडक्यांना काचेऐवजी कालवाच्या पातळ शिंपल्या घासून कोणी बसवल्या, कौलं कोणी भाजली? इथल्याच माणसांनी, ज्यांनी धर्म बदलला त्यांनी आणि ज्यांनी नाही बदलला त्यांनीही. लॅबमधल्या दहा खापऱ्यांतल्या बहुतेक गावच्या कुंभाराच्या असतात. त्या पालकांना मी बरोबर नेलं, त्यांनी ट्रेमधलं एक मातीचं झाकण उचललं आणि म्हणाले, असं आमच्या आजीकडे पेजेच्या मडक्यावर असायचं. संबंध तो तिथे होता.

गुलामांबद्दल काही बघायला मिळतं का? मुलांना सांगावं का?

सांगावं. पोर्तुगिजांच्या गोव्यात घरांत आणि बंदरात आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते, आणि मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चालायचा. सुंची रीफ नावाच्या खडकापाशी सतराव्या शतकाच्या आसपासचं एक पोर्तुगीज जहाज बुडालंय, त्यात तोफा, नांगर, चिनी भांडी, आणि हत्तीचे सुळे नि पाणघोड्याचे दात मिळाले. पाणघोडा आपल्याकडे कुठे असतो? तो माल आफ्रिकेच्या किनाऱ्याचा. हस्तिदंत घासून इथले कारागीर येशूच्या, मेरीच्या मूर्ती करायचे, तशा मूर्ती ओल्ड गोव्यातच सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या ख्रिस्ती कलेच्या म्युझियममध्ये बघता येतात. आफ्रिकेचा सुळा, गोव्याचा कारागीर, युरोपचा देव. त्याच समुद्रवाटेने माणसंही आणली विकायला. त्या माणसांनी मागे फार थोडं ठेवलं कारण त्यांच्याकडे स्वतःचं काही ठेवूच दिलं नव्हतं.

समुद्रातल्या वस्तू बघायला मिळाल्या तर त्या पाण्यात का ठेवल्यात ते जरूर विचारा. वर काढून तशाच वाळवल्या तर आतलं मीठ फुलतं आणि वस्तू फुटते, म्हणून महिनोन् महिने गोडं पाणी बदलत राहतात. किती धीर लागतो याला!

हाडं असतात का? मुलं घाबरतील.

जनावरांची असतात, त्यावर सुरीचे वळ दिसतात, मुलं घाबरत नाहीत, उलट गर्दी करतात. आपल्याकडची जांभ्याची माती आम्लधर्मी म्हणून हाडं लवकर खाऊन टाकते, चुन्याच्या गिलाव्याजवळ असतील तर टिकतात.

माणसांच्या अवशेषांची गोष्ट वेगळी, ते लॅबमध्ये सहसा मुलांना दाखवत नाहीत आणि दाखवूही नयेत. पण एक गोष्ट जरूर सांगा. जॉर्जियाची राणी केतेवान, तिला १६२४ मध्ये इराणातल्या शिराझला हाल करून मारलं, धर्म सोडायला तयार नव्हती म्हणून. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष १६२७ मध्ये गोव्यात आणले आणि सेंट ऑगस्टिनमध्ये ठेवले. ते चर्च १६०२ ला पुरं झालेलं, १८३५ मध्ये पाद्र्यांना बाहेर काढल्यावर ओस पडलं, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये पुढची भिंत, आता ४६ मीटरचा तो एकटा मनोरा उरलाय. जुन्या पोर्तुगीज कागदात लिहिलेलं की अवशेष खिडकीजवळ दगडी पेटीत आहेत. पुरातत्व खात्याने खोदून हाड शोधलं, हैदराबादच्या सीसीएमबी लॅबने डीएनए तपासला, तो आपल्याकडच्या लोकांत न मिळणारा आणि जॉर्जियात मिळणारा निघाला, आणि २०२१ मध्ये भारताने अवशेषांचा भाग जॉर्जियाला दिला. कागद, कुदळ आणि लॅब तिघं एकत्र आल्याशिवाय हे झालं नसतं.

मुलांना हात लावू देतात का?

शिकवण्यासाठी वेगळा ट्रे असतो, त्यातल्या वस्तूंना लावू देतात. बाकी टेबलांवर नाही. फोटो विचारूनच काढा, ज्या कामाचा अहवाल अजून यायचाय त्याचे तर मागूही नका.

मराठीत सांगतात का?

माणसावर आहे. बरेच जण कोंकणी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात, मुलांना कळतं. तुम्ही आदल्या दिवशी वर्गात थर, खापरी, काठ, बूड, नक्षी, उकिरडा एवढे शब्द घेऊन ठेवा.

परत आल्यावर शाळेत काय करून घ्यायचं?

मी मुलांना घरचा एका दिवसाचा सुका कचरा आणायला सांगते, नाव न घालता, आणि दुसऱ्या गटाने त्यावरून ते घर ओळखायचं, माणसं किती, लहान बाळ आहे का, आजारी कोणी आहे का. एका पिशवीत औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप्स भरपूर होत्या आणि एका मुलीने हळूच सांगितलं की इथे कोणीतरी आजी आहे. बरोबर होतं.

घराच्या पायासाठी खणताना भांडी, नाणी निघाली तर काय करायचं?

काम तिथेच थांबवा. उचलू नका, धुवू नका. आहे तसा फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून, आणि पुरातत्व खात्याला किंवा मामलेदार ऑफिसात कळवा. लोक घाबरतात की जमीन जाईल आणि जेसीबी फिरवून मोकळे होतात, माझ्या डोळ्यांदेखत झालंय ते, अजून हळहळ वाटते. शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागतो, परदेशात पाठवणं तर सरळ गुन्हा आहे.

वाटेत पडलेला एखादा तुकडा आठवण म्हणून आणला तर काय बिघडतं?

मी आणला होता. शाळेत असताना, ओल्ड गोव्याच्या ट्रिपमध्ये, एक निळ्या फुलाचा चिनी मातीचा तुकडा, कंपासपेटीत घालून. कितीतरी वर्षं जपला. मग पहिल्यांदा लॅबमध्ये गेले तेव्हा मोठ्या उत्साहाने तिथल्या ताईंना दाखवला, त्यांनी उलटून बघितला, सुंदर आहे म्हणाल्या आणि विचारलं, नक्की कुठे मिळाला? रस्त्याच्या कडेला की भिंतीपाशी? वर होता की मातीत? सोबत आणखी काय होतं? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत. एक छोटं कार्ड घेतलं, त्यावर लिहिलं, जागा माहीत नाही, थर माहीत नाही, आणि तो तुकडा शिकवण्याच्या ट्रेमध्ये ठेवला. अजून तिथेच आहे, माझी मुलं दरवर्षी तो हातात घेतात आणि कार्ड मोठ्याने वाचतात.